नाश्त्याचं प्रायश्चित्त

खरं सांगते, त्या सकाळी पापनिवेदन करून मी चर्चबाहेर पडले ती काही मन हलकं होऊन नव्हे. चांगली पेटून बाहेर पडले. साठी ओलांडलेली मी बाई. समजायला लागल्यापासून रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवली नाही, संध्याकाळची जपमाळ झाल्याशिवाय ताटावर बसले नाही. आणि काल-परवा सेमिनरीतून शिकून आलेले, माझ्या मुलीपेक्षाही वयाने लहान असलेले फादर मला प्रायश्चित्त काय देतात, तर म्हणे नाश्ता करा! तोही कुठे? माझ्या जावेच्या घरी. रस्ताभर मी स्वतःशी बडबडत होते. समोरून येणाऱ्या दोघीतिघींनी विचारलंसुद्धा, काय गो, कोणाशी भांडतेस?

आमचं गाव आगाशी आणि अर्नाळ्याच्या मधे. केळीच्या वाड्यांच्या जागी आता निम्म्या ठिकाणी इमारती उभ्या राहिल्यात, पण आमच्या घरांची वाडी अजून हिरवी आहे. रस्त्यालगतचं घर माझं, त्याच्या मागे तीसेक पावलांवर थोरल्या जावेचं, आग्नेसबायचं. वाडी भावाभावांनी फार पूर्वीच वाटून घेतली, पण बावखल दोघांत एकच राहिलं. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं खोदीव तळं. त्यावर पंप बसवायचा आणि केळीला, मोगऱ्याला पाणी सोडायचं. तेरा वर्षांपूर्वी माझे यजमान अचानक गेले. दफन करून आम्ही परतलो, अंगणात माणसं बसली होती, प्रार्थना चालू होती, आणि मागून पंप सुरू झाला. धडधड, धडधड. आग्नेसबाय आपल्या केळीला पाणी सोडत होती! ज्या माणसाने तो पंप आयुष्यभर खोलून-जोडून चालता ठेवला, त्याच्यावर माती टाकून तीन तासही झाले नव्हते. मी ताडकन उठले, कुंपणापाशी गेले आणि चारचौघांत तिला नको नको ते बोलले. शेवटी म्हटलं, "या घरचा पाण्याचा घोटसुद्धा यापुढे माझ्या नरड्याखाली उतरणार नाही."

तो शब्द मी तेरा वर्षं पाळला. चार वर्षांपूर्वी थोरले दीर वारले. मी मिस्सेला गेले, कबरीवर मूठभर माती टाकली, पण जावेच्या घरात पाऊल ठेवलं नाही. तिचे दोन्ही मुलगे परदेशात. ते आले, आठवडाभर राहिले, परत गेले. ती एकटी उरली. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात एकच दिवा लागलेला मला माझ्या खिडकीतून दिसायचा. लोक माझ्याबद्दल म्हणायचे, बाई मोठी मानी. ते ऐकून मला बरं वाटायचं, हे आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

हे सगळं मी त्या दिवशी फादरना कशाला सांगायला गेले असते? ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, त्याच्या आदल्या दिवशी दरवर्षीसारखी मी कुमसाराला गेले होते. आमचे जुने लोक पापनिवेदनाला कुमसार म्हणतात, माझ्याही तोंडात तेच बसलंय. नेहमीची यादी वाचली. चिडचिड होते, दुसऱ्यांविषयी बोलते, एकदा जपमाळ म्हणताना डोळा लागला. मग जरा ऐटीतच म्हटलं, "फादर, पूर्ण चाळीस दिवस मी संध्याकाळपर्यंत कडक उपवास करते. लग्नाआधीपासून करते." पलीकडून प्रश्न आला, "मावशी, गोळ्या वगैरे काही चालू आहेत?" म्हटलं, शुगरच्या आहेत. मग दुसरा प्रश्न, "असं कोणी आहे का, ज्यांच्याशी तुम्ही बोलत नाही?" आता कुमसाराला गुडघे टेकून खोटं कसं बोलणार? सांगितलं. पंपापासून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ऐकून फादरही जावेवर चिडतील. त्यांनी एवढंच सांगितलं, "मावशी, यंदा उपवास करायचा नाही. तुमच्या वयाला चर्चही तो सांगत नाही. तुमचं प्रायश्चित्त वेगळं आहे. ईस्टरपर्यंत रोज सकाळी जाऊबाईंच्या घरी जायचं आणि तिथे नाश्ता करायचा."

"आणि तिने दिला नाही तर?"

"तर मागून घ्यायचा."

घरी येईपर्यंत मी माझा उपाय काढला होता. देवाशी वाकडं नाही, फादर पोरवयाचे आहेत, त्यांना आमच्या घरातलं काय कळणार? त्यांनी एक सोपं प्रायश्चित्त दिलं, मी त्याच्या दहापट अवघड करून दाखवीन. उपवास तर करणारच, वर रोज एकाऐवजी तीन जपमाळा, आणि प्रत्येक शुक्रवारी अनवाणी चालत समुद्राकडच्या रस्त्यावरच्या क्रूसापर्यंत. साखर बंद, मासळी बंद, खुर्चीत बसणंही बंद, जमिनीवर बसायचं. माझी मुलगी स्नेहल विरारला राहते, तिला फोनवर हे कळलं तर ती ओरडली, "मम्मी, तू पागल झालीस का? गोळी घेऊन उपाशी राहायचं नसतं, डॉक्टरनी किती वेळा सांगितलंय!" मी फोन कानापासून लांब धरला. आमच्यात एक खोड आहे, माझ्या एकटीत नाही, आमच्या सगळ्या बायकांत. आम्ही देवासाठी पोट मारू, पाय सोलून घेऊ, रात्रभर गुडघ्यावर राहू, पण शेजारच्या दारात जाऊन "चुकलं" म्हणायला सांगितलं की आमचे गुडघे दुखायला लागतात. मला वाटत होतं, देवाला एवढं भरभरून दिलं की न दिलेलं ते एक तो विसरून जाईल.

तिसऱ्या शुक्रवारची गोष्ट. सकाळी गोळी घेतली, वर नुसतं पाणी, आणि निघाले. ऊन तापलेलं, डांबर पायाला चटके देत होतं. अर्ध्या वाटेवर अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, आणि सगळं कसं हलकं हलकं वाटायला लागलं. आणि काय सांगू, त्या क्षणी मला वाटलं की हीच ती कृपा! इतकी वर्षं संतांच्या गोष्टींत ऐकलेलं आज आपल्याला होतंय. केवढी मूर्ख मी! साखर उतरत होती आणि मी मनात आभार मानत होते. क्रूस समोर दिसला एवढं आठवतं. त्याच्या ओट्यावर हात टेकला तेही आठवतं. पुढचं सगळं मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

आगाशीच्या बाजारात मासळी विकून एक कोळीण रिक्षाने अर्नाळ्याला परत चालली होती. ओट्याशी वाकडी पडलेली बाई तिने पाहिली आणि रिक्षा थांबवली. तोंडावर पाणी मारलं, तिच्याकडे किटलीत उरलेला गोड चहा होता तो माझ्या तोंडात थोडा थोडा ओतला. मी डोळे उघडले, पण भानावर नव्हते. तिने विचारलं, कुठे सोडू? आणि मी म्हणाले, "आग्नेसबायकडे." तिने आणखी दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा तेच म्हणाले. रिक्षावाल्याला मी वाटसुद्धा दाखवली म्हणे. रिक्षा माझ्या स्वतःच्या दारावरून पुढे गेली, माझं कुलूप लावलेलं दार मागे राहिलं, आणि मला उतरवलं ते जावेच्या ओटीवर. तेरा वर्षांत ज्या घराचं नाव मी उच्चारलं नव्हतं, ते माझ्या तोंडून का निघालं? शुद्ध हरपलेलं माणूस काहीही बरळतं, हे मला कोणी सांगायला नको. मी घडलं ते सांगितलं.

भान आलं तेव्हा तोंडात काहीतरी चिकट गोड होतं. सुकेळं. आग्नेसबाय दरवर्षी राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करते, आमच्या सासूबाईंची पद्धत तिनेच टिकवली. ती माझ्याजवळ फरशीवर बसून सुकेळ्याचे बारीक तुकडे करत होती आणि एकेक माझ्या दाताआड सरकवत होती. मी तिच्याकडे बघितलं. केस पूर्ण पांढरे झालेले. इतक्या जवळून मी तिला केव्हा पाहिलं होतं? तिने माझे डोळे उघडलेले पाहिले आणि म्हणाली, "मेली असतीस तर गावाने माझ्याच नावाने बोंब मारली असती."

तुम्हाला वाटेल, मग मी तिच्या गळ्यात पडले. छे! मी भिंतीला धरून उठले, पदर सावरला आणि घरी आले. आभारसुद्धा मानले नाहीत. एवढा माझा ताठा. संध्याकाळी स्नेहल धावत आली, डॉक्टरकडे नेलं, यथेच्छ बोलली, रडली. ती झोपायला गेल्यावर मी येशूच्या तसबिरीपुढे बसले. प्रार्थना सुचेना. जपमाळ हातात घेतली आणि खाली ठेवली, कारण त्या क्षणी मला लख्ख कळलं की या तीन आठवड्यांत मी जे जे केलं ते देवाने मागितलंच नव्हतं. त्याने एकच गोष्ट मागितली होती. ती सोडून बाकी सगळं मी त्याच्यापुढे ढीग घालून ठेवलं होतं आणि वर आशा करत होते की तो खूश होईल. मी म्हटलं, "बस्स. उद्या जाते. मनातून वाटो न वाटो, जाते."

आणि सकाळी मन अजिबात नव्हतं. तीस पावलं, पण क्रूसापर्यंतचं अनवाणी चालणं त्यापुढे काहीच नव्हतं. दारात उभी राहिले आणि वाकड्या तोंडाने म्हटलं, "फादरनी सांगितलंय. नाश्ता दे."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कोणी सांगितलं?"

"फादरनी. ईस्टरपर्यंत रोज."

"मला नाही सांगितलं कोणी," ती म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं संपलं. पण आतून ताटाचा आवाज आला. रात्रीची तांदळाची भाकरी, तव्यावर गरम केलेली, आणि बिनसाखरेचा चहा. माझी शुगर तिने लक्षात ठेवली होती. मी खाल्लं. पहिल्या घासाबरोबर तेरा वर्षांचा शब्द मोडत होता. पण मोडला.

पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी मिळून वीस शब्द बोललो असू. मीठ दे. आज ढग आलेत. चहा निवला. कधी ती खोचक बोलायची, "फादरनी उद्या रात्रीचं जेवण सांगितलं तर आधी कळव, भात जास्त टाकीन." मी दात आवळून खायची. दर सकाळी उठल्याबरोबर मन सांगायचं, आज नको, आज अंग दुखतंय, आज ती घरी नसेल. दर सकाळी मी साडेसातला उठून जायची. गोडवा वगैरे काही आला नव्हता, खोटं कशाला सांगू. नुसतं सांगितलंय म्हणून करायचं, इतकंच. हट्टी तर मी जन्माचीच, तो हट्ट आता इथे लावला.

मधे एका सकाळी नाश्ता आटोपून मी अर्नाळ्याला गेले. त्या कोळणीला शोधायचं होतं. मनात काहीबाही होतं, की ती सापडणारच नाही, कोणी म्हणेल अशी बाई इथे नाहीच. कसलं काय! किनाऱ्यावर काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती, चांगली धडधाकट, मोठ्या आवाजाची. मला ओळखून म्हणाली, "अगो, जिवंत हाय का? बरं झालं. पानी पिऊन निघत जा घरातून." मी तिचे हात धरले, म्हटलं, बाय, देवानेच तुला पाठवलं. ती हसायला लागली. "मना कोन पाठवील? मासली संपली होती म्हनून लवकर निघाले." मी विचारलं, मी खरंच त्या घराचं नाव घेतलं होतं? "तीनदा इचारलं, तीनदा तेच बोललीस," ती म्हणाली आणि पुन्हा बोंबलांकडे वळली. एवढ्यावर मी परत आले.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात एके सकाळी माझ्याच्याने राहवलं नाही. भाकरी मोडता मोडता विचारलं, "त्या दिवशी पंप का लावलास?"

तिने चुलीकडे पाहिलं. मी मनात कितीतरी उत्तरं ठरवून ठेवली होती. त्यात एखादं असंही होतं ज्याने तिची चूकच उरणार नाही. ती म्हणाली, "केळी माना टाकत होती. दोन दिवस लाईट नव्हती, तेव्हाच आली. मी विचार नाही केला, बटण दाबलं. तू ओरडायला लागलीस तेव्हा कळलं काय केलं ते. चूक माझीच होती."

"मग आली का नाहीस? एवढंच बोलायचं होतंस."

"तू म्हणालीस ना, पाण्याचा घोट नको. मग तोंड कसं दाखवू?" मग खाली बघत म्हणाली, "मी तेव्हापासून कम्युनियन घेत नाही."

कम्युनियन म्हणजे मिस्सेत वेदीपाशी मिळणारा पवित्र भाकरीचा प्रसाद, तो कोणी सोडतं का? मला समजेना. "म्हणजे?"

"जिच्याशी बोलणं नाही तिच्याशी आधी मिटवायचं, मग वेदीपाशी जायचं, असं आपल्याला लहानपणी शिकवलंय. मिटवायची हिंमत माझ्यात नव्हती. मग घेणार कशी? मागच्या बाकावर बसते आणि सगळे गेले की गुडघे टेकते."

हातातला घास हातातच राहिला. तेरा वर्षं! दर रविवारी मी सर्वांत पुढच्या बाकावर. कम्युनियनच्या रांगेत पहिल्या पाचांत. हात जोडून, डोळे मिटून. मागे वळून बघण्याची गरजच नव्हती, म्हणून ते कधी दिसलंही नाही. गावाला ठाऊक असणार, मला सांगायची कोणाची टाप नव्हती. मी जिला पापी म्हणत होते ती उपाशी बसली होती, कारण देवाचं म्हणणं तिने खरं मानलं होतं. आणि देवाच्या घरची म्हणवून घेणारी मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करून दर रविवारी पोटभर जेवत होते. मला रडू फुटलं, लहान मुलासारखी हमसून रडले. म्हटलं, "बाय, भाऊजी गेले तेव्हा मी तुझ्या घरात आले नाही. पंपापेक्षा ते मोठं पाप आहे. मला माफ कर." ती उठली, पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं, आणि म्हणाली, "खा आधी. गोळी घेतली आहेस ना?"

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी कुमसाराला गेलो, आधी ती, मग मी. काय बोलली ते तिचं तिला ठाऊक. ईस्टरच्या सकाळच्या मिस्सेला मी नेहमीच्या पुढच्या बाकाकडे गेलेच नाही, तिच्याबरोबर मागे बसले. मागून चर्च किती मोठं दिसतं, मला माहीतच नव्हतं. कम्युनियनची वेळ झाली, बाकामागून बाक उठू लागले. आमची पाळी आली तशी तिचे पाय थबकले. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "चल." ती पुढे, मी तिच्या मागे. सगळं चर्च बघत होतं, बघू दे. तेच तरुण फादर उभे होते. "ख्रिस्ताचं शरीर," ते म्हणाले, आणि माझ्यापुढून तिचं "आमेन" इतकं मोठ्याने आलं की पुढच्या दोघीतिघींनी वळून पाहिलं. माझं "आमेन" मलाही ऐकू आलं नाही. पण देवाने ते ऐकलं असेल.

त्या दिवसापासून मी फार बदलले, असं म्हणणार नाही. अजून चिडते, अजून बोलते. पण एक गोष्ट अंगात मुरली. देवाला काय द्यायचं हे आता मी ठरवत नाही. तो जे मागतो ते बहुतेक वेळा लहानसं असतं, घराजवळचं असतं, आणि नेमकं नकोसं असतं. तेवढंच करायचं, मन तयार होण्याची वाट न बघता करायचं. मन मागून येतं. माझं आलं. त्या उन्हात मला उचलणाऱ्या कोळणीसाठी, न घाबरता सांगणाऱ्या त्या फादरांसाठी, आणि जिच्या दारात मला नेऊन टाकलं त्या आग्नेसबायसाठी मी रोज देवाचे आभार मानते.

ईस्टर होऊन आता बरेच महिने झाले. रोज साडेसातला मी तिच्याकडे जाते. प्रायश्चित्त संपल्याचं फादरनी अजून सांगितलेलं नाही, आणि मी विचारायलाही जाणार नाही.